पाझर तलावाखालची वस्ती : प्रकल्प नोंदी, मार्च ते नोव्हेंबर २०२५

९ मार्च

आज सुरुवात केली. तिसऱ्या वर्षाची चार मुलं, कॉलेजचं टोटल स्टेशन, एक ऑटो लेव्हल (दोन्ही मोजणीची यंत्रं) आणि उत्तर सोलापूर तालुक्यातला एक पाझर तलाव. अहवाल अजून कच्चा आहे, म्हणून गावाचं नाव इथं लिहीत नाही. १९७२ च्या दुष्काळी कामांतून झालेला हा मातीचा बांध. पावसाळ्यात वरच्या माळावरून येणारा लोंढा अडवायचा आणि पाणी सावकाश जमिनीत मुरवायचं, एवढंच त्याचं काम. खालच्या ओढ्याचा पूर त्यामुळं आपोआप निवतो.

नोंदवहीत त्याच्यापुढे धोक्याची श्रेणी 'कमी' लिहिली आहे. ती कधी लिहिली, काय बघून लिहिली, याचा कागद नाही. आम्हाला तेवढंच तपासायचं आहे.

मुलांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट फळ्यावर लिहून दिली. धोक्याची श्रेणी म्हणजे बांधाची तब्येत नव्हे. बांध नवाकोरा, टणक असला तरी श्रेणी वरची असू शकते आणि जर्जर बांधाची श्रेणी खालची असू शकते. तो फुटलाच तर खाली कोणाचं काय जाईल, एवढंच ती सांगते. एकानं विचारलं, "म्हणजे मॅडम, बांध बघायचाच नाही?" बघायचा, पण आधी खाली बघायचं.

१६ मार्च

आजीला गाडीत घालून बांधावर नेलं. तिचं माहेर हेच गाव. ७२ साली ती या कामावर होती. डोक्यावर पाटी, कडेला माझा मोठा काका, दुपारी सुकडी आणि घरी मिलोची लाल भाकरी. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले. आज मात्र वही घेऊन ऐकलं.

बांधाचा एकही नकाशा मिळालेला नाही. काटछेद नाही, मातीच्या चाचण्या नाहीत. आजीनं जे सांगितलं तीच आमची पहिली तांत्रिक नोंद. "काळी माती मधी, मुरूम भायेरनं. माती पाणी मारून बैलांनी तुडवली. वड्याची खिंड सगळ्यात शेवटाला भरली. मिरग तोंडावर आलता. दोन मुकादम रातीबी गॅसबत्त्या लावून काम करून घ्यायचे." खिंड कुठली, ते तिनं काठीनं दाखवलं. मुलांनी तिथं खुंटी ठोकली.

काळ्या मातीचा गाभा, मुरमाचं कवच. घाईनं भरलेली खिंड. पुस्तकात याला बंद करायचा टप्पा म्हणतात आणि मातीच्या धरणात सगळ्यात जास्त काळजी तिथंच घ्यायची असते.

६ एप्रिल

तळं जवळपास कोरडं, त्यामुळं पाण्याखालचा तळही टोटल स्टेशननं मोजता आला. ऊन एवढं की दुपारी बारानंतर काचेतून सगळं थरथरतं. सकाळी सहा ते दहा एवढंच काम होतं.

मिळालेले आकडे: माथ्याची लांबी ६१० मीटर. ओढ्याच्या तळापासून माथ्यापर्यंत उंची ११ मीटर. साठा ४२ दलघफू (दशलक्ष घनफूट), म्हणजे सुमारे १२ लाख घनमीटर. कागदावर ५० दलघफू आहे. ८ दलघफू जागा ५० वर्षांत गाळानं खाल्ली.

कागदावर उंची ९.६ मीटर आहे. बराच वेळ कोडं उलगडेना. मग लक्षात आलं, सांडव्याच्या, म्हणजे जादा पाणी बाहेर पडायच्या वाटेच्या, पातळीपासून ओढ्याच्या तळापर्यंत पाण्याची खोली बरोबर ९.६ भरते. कोणीतरी पाण्याची खोली बांधाच्या उंचीच्या रकान्यात लिहिली आणि पुढे सगळ्यांनी तीच उतरवून घेतली. चूक साधी आहे, पण तिचा परिणाम साधा नाही. धरण सुरक्षा कायदा २०२१ मध्ये १५ मीटरपेक्षा उंच धरणं येतात. १० ते १५ मीटर उंचीचीही येतात, मात्र त्यांनी काही अटींपैकी निदान एक पुरी करायला हवी. माथा किमान ५०० मीटर लांब असणं ही त्यातली एक अट, १० लाख घनमीटर साठा असणं ही दुसरी. आमचा बांध दोन्हींत बसतो. फक्त ९.६ या आकड्यानं तो इतकी वर्षं दाराबाहेर राहिला. कायद्यात आला की पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी आली, आपत्कालीन कृती आराखडा आला.

माथ्याची लेव्हल काढली. सगळ्यात खोलगट जागा आजीच्या खुंटीपासून चार मीटरवर निघाली. तिथं माथा सांडव्यापेक्षा फक्त १.३५ मीटर वर आहे, बाकी ठिकाणी १.८ च्या आसपास. घाईनं भरलेली खिंड ५० वर्षांत तेवढी दबली. मुलं खूप वेळ गप्प उभी होती. मलाही काही बोलावंसं वाटलं नाही.

२० एप्रिल

सांडव्यावर गेलो. ३० मीटर रुंद, तळाला पक्का कातळ, कडा शाबूत. फक्त त्याच्या उंबऱ्यावर दगडांची एक रांग सिमेंटात बसवली आहे, ४० सेंटिमीटर उंच. शेतकऱ्यांनी वर्गणी काढून बसवली. पाणी थोडं जास्त थांबावं म्हणून.

गणित मुलांकडून करून घेतलं. रुंद उंबऱ्याच्या सांडव्यावरून जाणारं पाणी = १.७ × रुंदी × पाण्याच्या उंचीचा दीड घात. दगड नसताना, माथ्याच्या खोलगट जागेला पाणी लागेपर्यंत सांडवा ८० क्युमेक (सेकंदाला ८० घनमीटर) वाहू शकतो. दगड असताना ४७. दगडाची उंची हातभरसुद्धा नाही, पण उंचीचा दीड घात येत असल्यानं सांडव्याची ताकद निम्म्याजवळ येते. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध टिकत नाही. काँक्रीटचं धरण काही काळ सोसतं. माती सोसत नाही.

तरी त्या शेतकऱ्यांना दोष देता येत नाही. सोलापुरात वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बराचसा सप्टेंबरात. अशा मुलखात डोळ्यांसमोरून वाहून जाणारं पाणी ज्यानं बघितलंय, तो दगड लावणारच.

४ मे

माथ्यावर लांबीच्या दिशेनं भेग, ३८ मीटर लांब. काळी माती उन्हाळ्यात आकसते, त्यामुळं भेग पडणं नवल नाही. पण एका जागी सळई दीड मीटर आत गेली. पाण्याकडच्या उतारावर पिचिंगमधून (दगडांच्या अस्तरातून) वेड्या बाभळी. नुसत्या तोडून उपयोग नाही, मूळ आत कुजलं की पाण्याला आयती नळी मिळते. पायथ्याला घुशींची बिळं सात. सगळ्यांचे फोटो, अंतरं, वहीत.

१ जून

मे महिन्यातच एवढा पाऊस पडेल असं कोणाला वाटलं होतं? तळ्यात उन्हाळ्यातच चार मीटर पाणी आलं. भेगा मिटल्या, निदान वरून.

पायथ्याच्या चरात ९० अंशांची व्ही-खाच बसवली. बांधातून झिरपणारं पाणी मोजायचं इतकं स्वस्त साधन दुसरं नाही: एक पत्रा, एक पट्टी. खाचेवर पाणी ५ सेंटिमीटर म्हणजे सेकंदाला पाऊण लिटर, ६ म्हणजे सव्वा लिटर, ८ म्हणजे अडीच लिटर. मातीचा बांध थोडा झिरपतोच. पाझर तलाव तर त्यासाठीच असतो. भीती झिरपण्याची नाही, गढूळपणाची आहे. पाणी नितळ तर माती जागेवर. पाणी गढूळ तर आतून माती निघायला लागली आणि मग नळी पडायला वेळ लागत नाही.

खालच्या शेतातले तात्या रोज सकाळी वाचन घ्यायला तयार झाले. त्यांना पांढरी वाटी दिली, पाणी त्यात घेऊन बघायला.

१३ जुलै

आजची नोंद मोठी होणार. आज खाली चाललो.

बांधापासून महामार्गाच्या पुलापर्यंत ओढ्याकाठानं चार किलोमीटर. बांध झाला तेव्हाच्या टोपोशीटवर (सर्वेक्षणाच्या नकाशावर) या पट्ट्यात दोन विहिरी आणि एक देऊळ. बाकी रान. ज्यानं 'कमी' लिहिलं त्यानं तेव्हा बरोबरच लिहिलं होतं.

आज मोजलं: ४१ घरं, २३४ माणसं. जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा, पटावर ३८ मुलं. दूध संकलन केंद्र. तीन पोल्ट्री शेड. ओढ्याच्या पात्रापासून वीस-पंचवीस पावलांवर घरं.

हे लोक इथं का आले, ते एका मावशींनी चहा करता करता सांगितलं. "तळं झालं, मग हिरीला पाणी आलं. पाणी आलं म्हणून रानात ऱ्हायला आलो. गावातनं रोज कोण येणार जाणार?" म्हणजे वस्ती चुकून वसलेली नाही. तळ्यानंच तिला बोलावलं. पाझरानं विहिरी भरल्या, विहिरींनी ऊस आणला, उसानं माणसं रानात आणली. दुसरीकडे, तळं लोंढा अडवत राहिल्यानं ओढा वर्षानुवर्षं शांत राहिला. लोकांनी काठ नांगरले, शेतांचे बांध सरकवले, पात्र निम्मं केलं. ५० वर्षांत ज्या ओढ्याला पूर आला नाही त्याला कोण घाबरणार? तळ्यानं त्यांना पूर विसरायला लावला.

अमेरिकेतलं वाचलं होतं तेच इथं दिसलं. तिथल्या कृषी खात्याच्या मदतीनं १९४८ पासून ओढ्यांच्या वरच्या अंगाला ११,८०० हून जास्त छोटी धरणं बांधली गेली, पहिलं ओक्लाहोमात. बरीचशी खालची शेतं पुरापासून वाचवायला, साधारण ५० वर्षांच्या आयुष्याची. पुढे त्या शेतांवर घरं उभी राहिली आणि 'कमी' श्रेणीची धरणं एकामागून एक 'उच्च' श्रेणीत गेली. धरणाची एक वीटही हलली नव्हती. तिथं शहर सरकलं, आमच्याकडे विहिरीचं पाणी माणसांना घेऊन आलं.

जनगणनेत न दिसणारी माणसंही आहेत. दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी येते आणि पुलाच्या वर ओढ्याकाठच्या गवताळ पट्टीत खोप्या टाकते. पाणी जवळ, जागा फुकट. तळं त्याच वेळी काठोकाठ भरलेलं असतं. आमच्या २३४ मध्ये ते नाहीत. रकाना वाढवायला सांगितला: 'हंगामी'.

२७ जुलै

हेक-रास या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर बांधफुटीचं मॉडेल चालवलं. त्याआधी हातानं अंदाज: साठा १२ लाख घनमीटर, पाणी १० मीटर खोल धरलं, तर फ्रोलिखच्या सूत्रानं भगदाडातून जास्तीत जास्त ६५० क्युमेक, म्हणजे सुमारे २३ हजार क्युसेक. भगदाड पूर्ण पडायला अर्धा तास. ओढ्याचं आत्ताचं पात्र त्याच्या दहाव्या हिश्श्याचंही नाही.

मॉडेलमध्ये पहिल्या घराला पाणी बाराव्या मिनिटाला लागतं. शाळेच्या पटांगणात १.६ मीटर.

चौथीतला मुलगा सव्वा मीटरचा असतो. हे वाक्य अहवालात घालू का, असं एका विद्यार्थिनीनं विचारलं. घाल म्हटलं.

आणखी एक अडचण. या तळ्याला विमोचक, म्हणजे पाणी सोडायचं दार, नाही. पाझर तलावाला तो नसतोच, कारण पाणी सोडायचं नसतं, मुरवायचं असतं. त्यामुळं बांधात काही बिघाड दिसला तरी तळं उतरवायला दार नाही. पंप लावायचे किंवा सांडवा फोडायचा, एवढेच मार्ग. बारा मिनिटांच्या हिशोबात दोन्ही बसत नाहीत.

गावात एकजण म्हणाला, "उजनीपुढं हे डबकं, बाई." उजनीत ११७ टीएमसी मावतं, खरंच आहे. पण उजनीवर माणसं आहेत, दारं आहेत, चोवीस तास नोंदी आहेत. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं तेही छोटंच होतं. वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीबद्दल गावकरी आधीपासून सांगत होते. पानशेत १९६१ चं आपल्या सगळ्यांना पाठ आहे, तिवरे सहा वर्षांत विसरायला झालं.

१० ऑगस्ट

देवळात बैठक. सांडव्यावरच्या दगडांची.

मी आधी भीती घालायची नाही असं ठरवून गेले होते. पाण्यापासून सुरुवात केली. ४० सेंटिमीटर दगडांनी तुम्हाला ५ दलघफू पाणी जास्त मिळतं. हे मी मान्य करते, रब्बीची एक पाळी त्यात भागते. पण तळ्यात ८ दलघफूची जागा गाळानं भरली आहे. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' मधून गाळ काढला तर दगडांपेक्षा जास्त पाणी मिळेल आणि रानाला गाळही. फक्त बांधाच्या पायथ्याजवळ खोदायचं नाही.

मग मॉडेलचा नकाशा भिंतीवर लावला. प्रत्येकानं आपलं घर शोधलं. दगडांची वर्गणी गोळा करणाऱ्याचं घर निळ्यात होतं. तो बराच वेळ नकाशापाशी थांबला.

तात्यांनी विचारलं, "बाई, गाळ काढायचा म्हणता, पण तो पुढल्या उन्हाळ्यात. दगड आत्ता काढायचे. मधल्या साली पाणी कमी पडलं तर?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. कमी पडेल, असंच सांगितलं.

१७ ऑगस्ट

दगड काढले. गावकऱ्यांनीच, पहारीनं, दोन सकाळींत. मुलांनी सांडव्याच्या भिंतीवर पांढऱ्या-लाल रंगात मोजपट्टी रंगवली. शून्य उंबऱ्यावर.

२५ ऑगस्ट

अहवालाचा मसुदा संबंधित कार्यालयात दिला होता. उत्तर आलं: धरणात कोणताही बदल झालेला नसल्यामुळे श्रेणीत बदल करण्याचं कारण दिसत नाही. हे वाचून रात्री झोप लागली नाही. बदल धरणात झालेला नाही, हेच तर आम्ही चाळीस पानांत म्हटलं होतं.

पुन्हा लिहिलं. या वेळी दोन पानं. पहिल्या पानावर जुनी टोपोशीट आणि आजचा उपग्रह नकाशा शेजारी शेजारी. दुसऱ्यावर भारतीय मानक ११२२३ मधली तरतूद: सांडवा किती पुरासाठी धरायचा ते साठा आणि पाण्याच्या उंचीवरून ठरतं, पण फुटल्यास धोका विशेष जास्त असेल तर मोठा पूर धरता येतो आणि त्यासाठी खालची वस्ती किती अंतरावर आहे, खालचं पात्र किती पाणी वाहू शकतं, हे बघायचं. सोबत केंद्रीय जल आयोगाच्या २०२० च्या मार्गदर्शिकेप्रमाणे भरलेला तक्ता. त्यात चार वर्ग आहेत, पहिला सर्वांत कमी धोक्याचा.

आजीला फोनवर सांगितलं. तिनं विचारलं, "नंबर वाढला म्हंजे बरं का वाईट?" वाईट नाही, म्हटलं, नंबर वाढला की लक्ष द्यावं लागतं. "मग वाढू दे."

२३ सप्टेंबर

काल घटस्थापना. रात्रभर पाऊस. सीनेला महापूर, माढा-मोहोळकडून येणाऱ्या बातम्या ऐकवत नाहीत. मी शहरात अडकले, गावाकडचा रस्ता ओढ्याखाली.

रात्री १:१० ला तात्यांचा फोन. सांडव्यावर पट्टी ०.७. मी वस्तीतली खालच्या अंगाची १४ घरं शाळेवर नको, देवळाच्या टेकाडावर न्यायला सांगितली. शाळा पाण्याच्या वाटेत आहे. सगळ्यांना शाळा म्हणजे आसरा वाटतो, म्हणून हे बैठकीत तीनदा सांगितलं होतं. २:४० ला ०.९. त्यानंतर फोन लागेना.

पहाटे ५:२० ला लागला. "उतरायला लागलंय. पाऊण मीटर."

दिवस उजाडल्यावर हिशोब केला. ०.९ म्हणजे ४४ क्युमेक. तेवढंच पाणी दगडांवरून जायचं असतं तर तळ्याची पातळी उंबऱ्यापासून १.३० मीटर झाली असती. खिंडीतला माथा १.३५ वर आहे. पाच सेंटिमीटर. त्या रात्रीच्या वाऱ्यात लाटाच त्याहून मोठ्या होत्या.

२८ सप्टेंबर

रस्ता खुला. बांधावर गेलो. खिंडीच्या जागी खालच्या उतारावर ओल, मार्चमध्ये नव्हती. खाचेवर ८ सेंटिमीटर. वाटीतलं पाणी नितळ, तरी बाटल्या भरून रात्रभर ठेवल्या. तळाशी गाळ बसला नाही. ओलीच्या कडेनं चुन्यानं रेघ मारली, तारीख टाकली. पसरली तर कळेल.

तात्यांना भेटले. त्यांच्या खालच्या रानातली तूर पाण्यानं गेली. त्यांनी त्याचा विषयही काढला नाही.

६ ऑक्टोबर

कोजागिरी. सोलापुरातून हजारो माणसं तुळजापूरला पायी निघाली आहेत. संध्याकाळी मुलांना घेऊन महामार्गाच्या पुलावर उभी राहिले. एका मिनिटाला पुलावरून किती जण जातात ते दहा वेळा मोजलं. सरासरी ५७. पुलाखालून आमच्याच तळ्याचा ओढा वाहतो. 'हंगामी' रकान्यात दुसरी ओळ पडली.

चालणाऱ्या एका आजींनी विचारलं, काय मोजताय. माणसं, म्हटलं. त्यांनी खडीसाखर दिली.

२१ ऑक्टोबर

संयुक्त पाहणीचं पत्र आलं. तारीख दिली आहे. उंचीचा आकडा दुरुस्त झाला: ११ मीटर.

९ नोव्हेंबर

पाहणी झाली. श्रेणी वरची करण्याची शिफारस पुढे गेली. खिंडीतला माथा पुन्हा उचलायचा, बाभळी मुळासकट काढायच्या आणि खालच्या उताराला गाळणीचे थर घालायचे, हे कामांच्या यादीत आलं. गाळणी म्हणजे वाळू आणि खडीचे थर, पाणी जाऊ देणारे आणि माती अडवणारे. पैसे कधी येतील ते ठरायचं आहे.

ऊसतोडीची टोळी कालच आली. मुकादम आधी ऐकेना, पाण्याची सोय ओढ्याकाठीच आहे म्हणाला. तात्यांनी आपल्या विहिरीवरून टेकाडापर्यंत पाइप टाकून दिला. मग त्यानं खोप्या वर घेतल्या. अकरा खोप्या, ४३ माणसं, त्यातली १६ लहान मुलं. मुकादमाचा नंबर फोनच्या यादीत तिसरा घातला.

खाचेवर ६ सेंटिमीटर. चुन्याची रेघ कोरडी. पाणी नितळ.